अकरा नंबरचा गम्बो

"चेहरा सरळ कर," ऑलिन कुजबुजला. "चोरी केल्यासारखी दिसतेयस."

"केलीच आहे," लॉरेल नवऱ्याला म्हणाली.

मांडवात चर्चच्या गम्बो स्पर्धेसाठी त्या दाट, मांसाच्या रश्श्याचे कागदी कप ओळीने मांडले होते. गावात सगळेच एकमेकांचे चुलत-मावस, त्यामुळे कपांवर नावं नव्हती, नुसते नंबर. लॉरेलचा अकरावा. परीक्षक होत्या तिच्या सासूबाई, ज्यांना अख्खं गाव आदराने मिस अझेली म्हणे.

लॉरेल उत्तरेकडची. चार तासांवरच्या गावची, म्हणजे सासूच्या हिशोबाने परदेशीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासूच्या स्वयंपाकघरात तिला फक्त तांदूळ धुवायला मिळत. "गम्बो रक्तातच असावा लागतो," सासूबाई म्हणत. म्हणून तर ती यंदा हट्टाने स्पर्धेत उतरली होती. आणि नेमकी सकाळी फोन घ्यायला वळली, तेवढ्यात तेलात परतायला टाकलेलं पीठ करपलं. करपल्या पिठाचा गम्बो तिकडे कुणी वैऱ्यालाही वाढत नाही.

मग ती मागच्या दाराने सासूच्या घरात शिरली आणि फ्रीजर उघडला. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांत गम्बो गोठवायचा तिथे रिवाज. वर नाव कुणी लिहीत नाही. आपलं आपल्याला कळत नाही होय! हाताला लागली ती बादली तिने उचलली. गरम करताना चाखून पाहिलं, तर जरा सपक. पण मिस अझेलींच्या गम्बोत मीठ घालायची छाती अख्ख्या परगण्यात कुणाची नव्हती.

"आईला स्वतःच्या हातची चव कळली तर?" ऑलिनने विचारलं.

"तर मी माहेरी चालले."

"मलाही ने. दार मी उघडून दिलंय."

मिस अझेलींनी अकरावा कप उचलला. एक चमचा. डोळे मिटले. आणखी एक. लॉरेलने ऑलिनचा दंड असा आवळला की तो "आई गं!" म्हणून ओरडला, आणि आईने वळून पाहिलं.

"हा कुणाचा?" त्यांनी नियम मोडून विचारलं.

लॉरेलने हात वर केला.

"मीठ जवळपास नाहीच. कांदा तर औषधालाही नाही." त्यांनी चमचा खाली ठेवला. "बाकीचे सगळे मिठाकांद्याच्या आड लपतात गं. ही पोर लपली नाही. पहिला नंबर!"

टाळ्या पडल्या, फिडल वाजायला लागलं. लॉरेलच्या जिवात जीव आला. इतका, की तिने डुकराच्या तळलेल्या कातडीची अख्खी पिशवी एकटीने संपवली आणि ओळखपाळख नसलेल्या एका म्हाताऱ्याबरोबर दोनदा नाचली.

परतताना गाडीत सासूबाईंनी आपणहून तिचा हात धरला. "नाताळचा गम्बो आता तुझ्याकडे. अगदी अस्साच कर. सगळं खानदान जेवायला असतं."

"तुमच्याच हातची चव आहे ती, आई," लॉरेल म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

मिस अझेलींनी डोळे पुसले. मग पुढे वाकून म्हणाल्या, "ऑलिन, दुकानापाशी जरा थांबव रे."

"का गं?"

"फ्रीजरमधली एक बादली सकाळपासून सापडत नाहीये. कुत्र्याला आज काय घालू?"