पाच गुणांचा प्रश्न

बाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. हात गारठलेला, घामाने चिकट. सकाळी ऑपरेशन झालेला माणूस "पाणी, पाणी" करत उशीवर डोकं घोळवत होता.

"अगं ए, इकडे ये आधी!"

नर्स धावत आली. बाई शिकवत होत्या त्याच नर्सिंग कॉलेजची, गेल्या वर्षी पहिली आलेली.

"बाई, तुम्ही? काका मघापासून नुसते तळमळतायत. थंडी वाजत असेल म्हणून मी दुसरं ब्लँकेट घातलं."

"ब्लँकेट कसलं घालतेस! आत रक्त वाहतंय त्यांच्या. डॉक्टरांना बोलव!"

पोरगी पळाली. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, नवरा पुन्हा ऑपरेशन थिएटरच्या दाराआड गेला. "थोडं आधी कळवलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टरही आत गेले.

बाईंनी मग पोरीला धारेवर धरलं. "पहिली आलीस ना? सांग, आतल्या रक्तस्रावाची लक्षणं."

"नाडी जलद, रक्तदाब कमी, त्वचा थंड व चिकट, तहान, अस्वस्थता." डोळ्यांत पाणी होतं, पण क्रमसुद्धा चुकला नाही.

क्रम बाईंनीच घोटून घेतलेला. हा त्यांचा लाडका प्रश्न, दर वर्षी पेपरात ठरलेला: रक्तस्रावाची पाच लक्षणे लिहा. तपासायला सोपा, एका बैठकीत गठ्ठा हातावेगळा. एक नवी मॅडम एकदा भीत भीत म्हणाली होती, "बाई, त्यापेक्षा प्रश्नात एखादा पेशंट द्या ना. तो असा असा दिसतोय, काय झालं असेल, काय कराल, असं विचारा."

"गोष्टी तू सांगत बस. मला पेपर काढायचाय," बाईंनी तिला उडवून लावलं होतं. सगळी स्टाफरूम हसली होती. बाई तर जरा जास्तच.

"सगळं घडाघडा येतंय की," बाई म्हणाल्या. "मग समोर माणूस तळमळत होता, तेव्हा डोळे काय गहाण टाकले होतेस?"

पोरीने डोळे पुसले.

"बाई, पेपरात वर लिहिलेलं असायचं, रक्तस्राव म्हणून. काकांच्या अंगावर नव्हतं लिहिलेलं."