पाव्हण्यांचं घड्याळ

"किती वाजलं, पाव्हणं?" आदगोंडा पाटलांनी विचारलं, आणि भरतेशनं वर सारलेली बाही खाली ओढली.

घड्याळ घेतल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. कितीला पडलं, कुठनं आणलं, पाठीमागं नंबर कसला कोरलाय, सगळं विचारून झालं होतं. जुन्या काळी विमान चालवणारे बांधायचे तसलं घड्याळ कंपनीनं मुद्दाम पुन्हा काढलेलं. जगात फक्त पाचशे. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणं. ते हातावर आल्यापासून भरतेश कुपवाडच्या स्वतःच्या कारखान्यात मशिनला बोट लावत नव्हता. घड्याळाला त्यानं कधी चावीही दिली नव्हती. चालवलं की झिजणार, झिजलं की जुनं होणार, आणि मुद्दाम जुन्यासारखं केलेलं घड्याळ खरोखरच जुनं झालं तर मग राहिलं काय? जाहिरातीच्या फोटोत काटे दहा वाजून दहा मिनिटांवर होते. हातावरही ते तिथंच होते.

आज तो समडोळीला मुलगी बघायला आला होता. बरोबर पद्मावती आत्या. आदगोंडांची लेक प्रीती पोहे ठेवून गेली, तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, लग्न करीन तर हिच्याशीच. म्हणून तर शर्टाची बाही दोनदा वर सारून झाली होती, आणि असली जगात पाचशेच, हेही सांगून झालं होतं.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, हा त्या घरचा नेम. जैनाच्या घरात त्यात नवल नाही, पण आदगोंडा फारच कडक. आभाळ दुपारपासून भरलेलं. भिंतीवरच्या घड्याळावर आदगोंडांचा भरवसा नव्हता आणि लाइट गेलेली, नाहीतर टीव्हीवर तरी वेळ कळली असती.

भरतेशनं मनगट डोळ्यांपाशी नेलं. छोट्या तबकड्या निरखल्या. एक बटणही दाबलं.

"पावणेसहा," तो म्हणाला.

"माझ्यात साडेसहा दावतंय," आदगोंडांचे धाकटे भाऊ नानासो म्हणाले.

सगळ्यांनी दोघांची मनगटं बघितली. नानासोंचं घड्याळ मिरजेच्या बाजारातलं, पट्टा दोऱ्यानं शिवलेला. नानासो वरमले. त्यांनी आपले काटे मागं घेतले, मग स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचेही घेतले.

"असल्या घड्याळापुढं आमच्या डबड्याचं काय चालतंय," ते म्हणाले.

आदगोंडांनी आत सांगितलं, "पुऱ्यांची घाई नगं. लय येळ हाय."

मग हळदीच्या भावाच्या गप्पा निघाल्या. घड्याळ बाहेरच्या सोप्यात बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरलं. मोठे काटे दहा वाजून दहावर बघून खरी वेळ छोट्या तबकडीत असणार, असं जो तो समजला. नानासोंनी तर ते कानालाही लावलं. काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांनी ह्या गुणाचंही कौतुक केलं. "भारी मालाचा आवाज येत न्हाई," ते म्हणाले.

तेवढ्यात मावळतीकडचा ढग जरासा फाटला. उसाच्या शेंड्यांवर सूर्याची लाल कड दिसली, नखाएवढी. बघता बघता तीही बुडाली. ताटं अजून कोरडी होती. भिंतीवर सव्वासहाच होत होते.

"आज सूर्य पुढं हाय," नानासो ठामपणे म्हणाले.

कुणी हसलं नाही. आत कढई खाली उतरवल्याचा आवाज आला. आदगोंडांच्या थोरल्या बहीण अंबूबाई दिवसातून एकदाच जेवायच्या. पाव्हण्यांच्या पंगतीला बसायचं म्हणून त्या सकाळपासून थांबलेल्या. त्यांनी समोरचं रिकामं ताट हळूच बाजूला सारलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या जेवू की."

भरतेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यानं डोळे वटारले, तरी तो बोललाच. "घड्याळ बंद आहे. कधी चालूच केलं नाही मी. पावणेसहा मी अंदाजानं सांगितले."

आत्यानं पदर तोंडाला लावला. नानासोंनी गुपचूप स्टूल पुन्हा भिंतीकडं ओढलं.

"म्हणजे अशी अजून चारशे नव्याण्णव माणसं फिरत्यात व्हय?" आतल्या दारातून प्रीतीनं विचारलं, आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. तिचं बघून अंबूबाई उपाशीपोटी हसायला लागल्या.

भरतेश उठला आणि चपला शोधू लागला. संपलं सगळं, त्याला वाटलं.

"बसा," आदगोंडा म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांनी लेकीकडं बघितलं. याआधी आलेल्या तिघांकडं तिनं मान वर करूनही बघितलं नव्हतं. आता डोळे पुसत ती त्या घड्याळवाल्याकडंच बघत होती.

आदगोंडा स्टुलावर चढलेल्या भावाकडं वळले.

"नाना, उपाध्यांना सांग, मुहूर्त सकाळी दहा वाजून दहा मिनिटांचा धरा. तेवढ्या टायमाला तरी पाव्हण्यांचं घड्याळ बरोबर असतंय."