गाद्यांच्या खोलीतला अल्बम

"वाजवता, की मी इथंच पथारी पसरू?" गादीवाल्या म्हातारीने विचारलं आणि चपला काढून रेडिओ स्टेशनच्या खुर्चीवर मांडी ठोकली.

निवेदकाने सुस्कारा सोडला. म्हातारी कालही आली होती, परवाही. तिच्या धाकट्याने रॅपचा अल्बम केला होता. त्याची सीडी दोन वर्षांपूर्वी इथेच दिलेली. ती न उघडताच कुठल्याशा खोक्यात गेली होती. आज तिने घरातली आणखी एक आणली होती. ब्याद टळावी म्हणून त्याने हेडफोन कानाला लावले.

पहिल्या गाण्याला तो मोबाइल बघत होता. दुसऱ्याला मोबाइल पालथा पडला. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले.

"हा ठेका कशाचा आहे, आजी?"

"कापूस झोडायच्या काठीचा. दुकानात गाद्यांच्या थप्प्या लावून मधे बसून गायलाय. म्हणायचा, इथं रस्त्याचा आवाज येत नाही आणि आईचाही येत नाही. मेल्याची जीभ बघा."

"'लोकांच्या झोपा शिवत बसलो, स्वतःच्या झोपेला उसवत बसलो,'" निवेदक पुटपुटला. "काय लिहिलंय हो! हे आमच्याकडून सुटलं कसं?"

"सुटायला आधी धरावं लागतं. ज्यावर कंबर हलते तेवढंच तुम्हाला गाणं."

त्याने मान खाली घातली. तिची मान मात्र ताठच होती.

अल्बम कुणी घेतला नाही, दुकानदारांनी गठ्ठा जसाच्या तसा परत धाडला, तेव्हा सुनांच्या देखत, भरल्या ताटावर तिने पोराला सुनावलं होतं, "हे रेडिओवर वाजेल त्या दिवशी या घरात पाऊल टाक." पोरगंही तिच्याच वळणाचं. ताटावरून उठलं ते गेलंच. ना पत्ता, ना फोन. थोरला कितीदा म्हणाला, "आई, शब्द मागे घे. पेपरात देऊ, कुठंतरी वाचेल." पण थुंकलेलं गिळणाऱ्यातली ती नव्हती. त्यापेक्षा रेडिओला वाकवणं सोपं. एकदा वाजलं की अट पुरी. मग कसा येत नाही ते ती बघणार होती.

निवेदकाने दुपारचा कार्यक्रम मधेच थांबवला.

"मंडळी, आज एक चूक दुरुस्त करतोय. ज्यांचे आम्ही ढोल वाजवले त्यांची गाणी वर्षात शिळी झाली. हा अल्बम धूळ खात पडला आणि ताजाच राहिला. यात मोटारी नाहीत, सोन्याच्या साखळ्या नाहीत. खोकला आहे, कापूस आहे, आईच्या शिव्या आहेत. आणि एक ओळ खोटी नाही. हा गाणारा कुणाला ठाऊक असेल तर फोन करा. त्याची आई समोर बसली आहे."

गाणी वाजली. म्हातारीने विस्कटलेले केस सारखे केले. जसा काही तो तारेतूनच येणार होता.

पहिला फोन आला, त्याला क्रिकेटचा स्कोअर हवा होता. दुसऱ्या फोनमागे यंत्रांची घरघर होती.

"साहेब, हे रेडिओवर कसं?" कुणी पुरुष ओरडून बोलत होता. "हे तर आमचं गाणं. बोगद्यात गाडा ढकलताना रोज म्हणतो. त्यानेच शिकवलं."

म्हातारीने माइक स्वतःकडे ओढला. "मग दे त्याला फोन! म्हणावं, वाजलं. अट पुरी झाली."

पलीकडे कुणीतरी यंत्र बंद केलं.

"मावशी... बोगद्याचं छत कोसळलं तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. गेल्या हिवाळ्यात. काढता नाही आला. घर कुठलं ते त्याने कधी सांगितलंच नाही, नाहीतर आम्ही आलो असतो."

निवेदकाचा हात बटणाकडे गेला. तिने तो मनगटाला धरून बाजूला केला.

"चालू राहू दे."

"इथं त्याने एक कडवं जोडलं होतं," माणूस म्हणाला. "पण त्याला शेवटची ओळ नाही. तेवढा ठेका आम्ही मोकळा सोडतो. तो म्हणायचा, आमच्या घरात शेवटचं आई बोलते. ती ओळ तिची."

"म्हणा," म्हातारी म्हणाली.

दगडावर फावडी वाजू लागली. एक नाही, अनेक. मग कितीतरी घोगरे आवाज एकदम उठले:

"वर दिवस आहे की रात आहे,
कोण सांगणार, मी आत आहे.
खाली दगड, उशाला दगड,
आई, एकदा दार उघड..."

आवाज थांबले. नुसती फावडी वाजत राहिली.

म्हातारी माइकवर वाकली आणि ठेका न चुकवता म्हणाली, "गादी घातलीय, बाळा. नीज."