पहिली गोळी

बाटली जागेवर नव्हती.

तिने उशी उचलून पाहिली. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाटातले कपडे भराभर उपसून जमिनीवर टाकले. काल रात्री पहिली गोळी घेतल्यावर बाटली तिने स्वतःच्या हाताने उशाशी ठेवली होती. आता तिथे नुसता पाण्याचा पेला होता. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलेलं. म्हणजे दुपार झाली होती आणि घरात कुणी तिला उठवलंही नव्हतं.

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. आपण आत्ता वाकलो. वाकून परत उभ्या राहिलो, आणि तोंडातून “आई गं” निघालं नाही.

तिने हात वर केले, पार डोक्याच्या वर. खांदे दुखत होते, पण परक्या कुणाचे दुखावेत तसे, लांबून. हेच खांदे गेली कित्येक वर्षं पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या केसांशी हात पोचेपर्यंत तिचा जीव काढायचे. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग कुणीतरी बदडून ठेवल्यासारखं ठणकायचं. रात्रभर पडून राहिलं तरी सकाळी वाटायचं, डोळा लागलाच नाही. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या. सगळं चांगलं निघायचं आणि ती अधिकच खचायची. शेवटी एका डॉक्टरने त्या दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. त्यानेच हे नवं, महागडं औषध सुचवलं. झोप सलग लागली तर दुखणंही उतरेल, म्हणाला. नवऱ्याने एका शब्दाने न विचारता लाडकी मोटरसायकल विकली आणि बाटली आणून तिच्या हातात ठेवली. काल संध्याकाळी तो मालाचा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता.

घरात उरल्या होत्या त्या दोघीच, ती आणि सासूबाई.

बाटली कुणी घेतली, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. सासूबाईंची सगळी नोकरी इस्पितळात गेलेली. निवृत्त झाल्या तरी गल्लीतले लोक त्यांना सिस्टरच म्हणत. हाडं मोडलेली, भाजलेली, पोट फाडून शिवलेली माणसं त्यांनी उठवून चालती केली होती. सुनेचं दुखणं त्यांच्या लेखी दुखणंच नव्हतं. “रिपोर्टात काही नाही, तर अंगात कुठून येणार?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काल बाटली पाहून तर त्या कडाडल्याच होत्या. “असली झोपेची औषधं मी वॉर्डात कुलपात ठेवायचे. माझ्या घरात हे चालणार नाही.”

टाकली असणार. संडासात ओतून साखळी ओढली असणार. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात एक दिवस धड उगवला, तोही या बाईला बघवू नये?

ती तरातरा स्वयंपाकघरात आली. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. अंगावर कालचंच पातळ, केस विस्कटलेले, डोळे लालभडक. पुढ्यात चहाचा कप, वर साय धरलेली.

“आई, माझं औषध कुठंय?”

“माझ्याकडे.”

“द्या इकडे.”

“नाही.” सासूबाईंनी कमरेला खोचलेली बाटली पदराआड दाबून धरली. “आधी समोर बस. बोटं दाखव.”

“बोटं बघून काय करणार आहात? माझ्या नवऱ्याने गाडी विकून आणलंय ते!” तिचा आवाज चढला. “तुमचा विश्वास नाही ना माझ्यावर, नका ठेवू. पण माझ्या तोंडचा घास काढून घेऊ नका!”

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं, नखं उजेडाकडे वळवून पाहिली आणि नाडीवर बोटं टेकवली. ती हात सोडवायला गेली, तर म्हातारीची पकड पक्की होती.

“काल तुझा श्वास मध्येच थांबत होता,” सासूबाई म्हणाल्या. “हलवलं, हाका मारल्या, तरी तू ढिम्म. तुझ्या डॉक्टरला फोन लावला. तो झोपेत बडबडत होता. म्हटलं, साहेब, तुमची झोप मागाहून, आधी हिची बघा. त्याने सांगितलं तसं तुला कुशीवर वळवलं आणि हात धरून बसले. उजाडल्यावर श्वास लायनीवर आला. आज गोळी अर्धी, आणि ती मी देणार. पार्लरमध्ये कळवलंय. तिथली बाई कुरकुरली, तर मी ठेवूनच दिला फोन.”

खुर्ची ओढून ती मटकन बसली. राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते तिला समजेना. झोपेत आपण मरत होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

“पण तुम्ही उठलात कशा?” तिने कसंबसं विचारलं. “मी तर आवाजही केला नाही.”

“तेच तर.” सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं आणि साय धरलेला चहा एका घोटात संपवला. “रोज रात्रभर तू झोपेत कण्हतेस. मधल्या भिंतीतून सगळं येतं. इतक्या वर्षांत काल पहिल्यांदा आलं नाही, म्हणून धावत आले.”