त्याच्याच खालचा श्लोक

आंधळगावात अपेक्षाच्या हळदीला मांडव भरला होता. तिची आई शकुनबाई वाटीत बोटं बुडवणार, तोच मोठे दीर गोपीचंद आडवे आले. "विधवा हरिद्रां न स्पृशेत्! विधवेनं हळदीला हात लावू नये, शास्त्रातच हाय, मी का करू?"

शकुनबाईनं पदर सावरला आणि म्हटलं, "माता तु स्पृशेत्. अवश्यं स्पृशेत्."

गोपीचंद चमकले. जन्म हातमागावर गेलेली ही बाई, कधी पोथी उघडली नाही, हिला संस्कृत कुठून आलं? त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही थापच. चारचौघांत उघडी पाडावी म्हणून त्यांनी आवाज चढवला, "कोणत्या पोथीत हाय हा श्लोक? दाखव मले!"

"तुमच्याच पोथीत, भाऊजी. तुम्ही आत्ता म्हटला ना, त्याच्याच खाली हाय. आणा पोथी, दोन्ही संगच पाहू."

गोपीचंदांनी मानेवरचा घाम पुसला. आपला श्लोक त्यांनी सकाळी आंघोळ करता करता जुळवला होता.

"हाय, हाय," ते म्हणाले आणि हळदीची वाटी तिच्याकडे सरकवली. "वाचला हाय मी तो."