रायाजीरावांची लेक

खर्ड्याच्या किल्ल्यावरून रायाजीराव सत्तर वर्षं राज्य करत होते. माणसाच्या रक्तावर जगणारा हा राजा, पण रूप आणि बोलणं असं लाघवी, की ते नुसते हसले तरी लोक आपणहून मनगट पुढं करत. तिसाव्या वर्षी त्यांना हे अमरपण लागलं आणि वय तिथंच थांबलं.

त्यांची एकुलती लेक भागिरथी मात्र म्हातारी झाली. डॉक्टरांनी हात टेकल्याचं कळताच, दिवस मावळायला रायाजीराव मिरजगावी तिच्या उशाशी येऊन बसले. ओसरीवर तिची नातवंडं मोबाईलवरून पाहुण्यांना कळवत होती.

"बाय माझी, एकदा मान पुढं कर," ते म्हणाले. अख्ख्या मुलखाला भुलवणारा आवाज आज कापत होता. "मग दुखनं न्हाई, मरान न्हाई. कायमची माझ्यापाशी ऱ्हा."

पंच्याहत्तर वर्षांच्या भागिरथीनं बापाच्या तरण्या गालावरून हात फिरवला.



"आबा, आईला जाऊन चाळीस वर्सं झाली. ती तिकडं एकटीच हाय. तुमाला तर कवाच जाता येनार न्हाई, मला तरी जाऊ द्या."