एका फॉर्मवर दोघी

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन मुली बसल्या होत्या. चष्मेवालीला मॅनेजरसाहेबांनी स्वतःची गादीची खुर्ची दिली होती, वर पाण्याची बाटली. वेणीवाली मालाच्या खोक्यावर होती. तिला पाणी कुणी विचारलं नव्हतं.

दाराशी बायकांच्या पिशव्या तपासणाऱ्या मावशींनीच दोघींना पकडलं होतं, चार मिनिटांच्या अंतरानं. दोघींच्या दप्तरात एकाच काउंटरवरची, एकाच लाल रंगाची लिपस्टिक. दोघी चौदा वर्षांच्या. एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

"हिच्या पप्पांना मी फोन करतो," चष्मेवालीकडे बघत साहेब म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक आहे आपलं. पोर आहे, झाली चूक." मग त्यांनी हनुवटीनं खोक्याकडे खूण केली. "हिचा फॉर्म भरा आणि पोलिसांना बोलवा."

"ही पण पोरच आहे, साहेब."

"मावशी, वर्षाचा रिपोर्ट मी पाठवतो. मुलींच्या अकरा चोऱ्या. अकराही पोरी पुलापलीकडच्या वस्तीतल्या. आकडे काय खोटं बोलतात?"

अकराही फॉर्म मावशींच्याच हातचे होते. घरी नुसता फोन करून सोडलेल्या मुलींचे, न भरलेले नऊ त्यांनाच ठाऊक होते. वर्षभर त्या मूग गिळून बसल्या होत्या आणि आज त्यांना त्याची मनापासून लाज वाटली.

"आपण ज्यांचे फॉर्म भरतो, त्यांचे आकडे होतात," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या घरी फोन जातात."

साहेबांनी ते कानाआड केलं आणि पाठ फिरवून नंबर शोधू लागले. मावशींनी फॉर्मचं पुस्तक उघडलं. वेणीवालीला नाव विचारलं, लिहिलं. चष्मेवालीला विचारलं, तेही त्याच ओळीत लिहिलं. खाली कार्बन होता, म्हणून पेन चांगलं दाबून चालवलं.

साहेब वळले. "हे काय? दोघींचा एकच फॉर्म?"

"दार एक, काउंटर एक, माल एक. घटना एकच धरली."

"फाडा तो!"

"नंबर छापलाय त्याच्यावर. फाडला तर हेड ऑफिसला कारण कळवावं लागतं. काय कळवू?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात माझ्याच सहीनं वाढायचंय. लक्षात आहे ना?"

"आहे." मावशींनी पुस्तकावरचा हात काढला नाही. "पोलीस तर दोघींसाठी, आईबाप तर दोघींचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं मात्र या फॉर्मवर चालणार नाही."

साहेब चांगलेच कात्रीत सापडले होते. त्यांनी एकदा जुन्या गिऱ्हाइकाच्या लेकीकडे पाहिलं, एकदा त्या छापील नंबराकडे. शेवटी 'पालकांना बोलावले' या ओळीखाली सही ठोकली.

"आणि रिपोर्टात काय दाखवू?"

"दोन मुली."

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. मावशींनी आपल्या डब्याच्या पिशवीतली बाटली वेणीवालीला दिली आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग स्वतःचा मोबाइल तिच्या हातात ठेवला.

"लाव आईला."

मुलगी फोनकडे बघत राहिली. "आई कामावर आहे. सगळं टाकून यावं लागेल तिला. खूप ओरडेल."

"ओरडू दे की," मावशी म्हणाल्या. "त्यासाठीच बोलावतेय."